शेवटचा शब्द बोलून टाकायचा

ऑटावा नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या गाणाऱ्यांची एक रीत होती. गाणं संपवताना शेवटचे दोन-तीन शब्द ते गात नसत, बोलून टाकत. इतका वेळ लांबवलेला सूर एकदम सोडून, बाजारात भाव सांगावा तशा आवाजात. म्हणजे झालं गाणं, आता पुढच्यानं सुरू करावं.

मला ही रीत कळली ती ऑंटॅरियोतल्या एका छोट्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात, ऐंशीच्या दशकात. पुण्याहून शिकायला आलेलो, खिशात फारसं काही नाही, बाहेर उणे पंधरा. ग्रंथालय उबदार होतं आणि फुकट होतं. मागच्या भिंतीला एलपींचे खण होते. मोझार्ट आणि ब्रॉडवेच्या मागे, कोणी फारसा हात न लावलेली, फोकवेज कंपनीची कव्हरं. जाड काळा पुठ्ठा, त्यावर अर्ध्यापर्यंत चिकटवलेला छापील कागद, आणि आत एक पुस्तिका. रेकॉर्ड घरी न्यायची तर काउंटरवरची बाई ती दिव्याखाली तिरकी धरून ओरखडे तपासायची आणि कार्डावर नोंद करायची. माझ्याकडे प्लेअरच नव्हता, त्यामुळे मी तिथंच हेडफोन लावून बसायचो.

‘आयरिश अँड ब्रिटिश साँग्ज फ्रॉम द ऑटावा व्हॅली’ ही 1961 ची रेकॉर्ड. गाणारे ओ. जे. अ‍ॅबट. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ऐंशी ओलांडलेले. साथीला काही म्हणजे काही नाही, पेटी नाही की गिटार नाही. पोरवयात इंग्लंडहून आलेला हा माणूस आयरिश शेतकऱ्यांच्या घरी आणि लाकूडतोड्यांच्या छावण्यांत गाणी शिकला. हिवाळाभर जंगलात पाइन तोडायचा, वसंतात बर्फ वितळला की ओंडके नदीत सोडायचे, आणि वाटेत ते अडकले तर जिवावर उदार होऊन मोकळे करायचे. त्यात मेलेल्यांची गाणी व्हायची. रात्री छावणीत रेडिओ नव्हता, तेव्हा ज्याला जास्त गाणी पाठ त्याला मान.

ही गाणी टिपून घेणाऱ्या बाई म्हणजे ईडिथ फौक. जन्म सस्कॅचवानचा, विचारानं समाजवादी. 1956 पासून टेपरेकॉर्डर घेऊन पीटरबरोच्या आसपास हिंडू लागल्या. ऑंटॅरियोत आता कुठली लोकगीतं उरली आहेत, असा तेव्हाचा समज होता. गाणी होती, विचारायला कोणी गेलं नव्हतं, इतकंच.

त्या पुस्तिकांनी मला खरं वेड लावलं. गाणारा कोण, कुठला, गाणं कोणाकडून शिकला, आणखी कुठं कुठं ते सापडतं, सगळं छापलेलं. आमच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड-प्लेअर होता. लोकगीताच्या रेकॉर्डवर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असा एक शब्द असायचा आणि तिथं चौकशी संपायची. कुठल्या गावच्या, कुठल्या बाईच्या तोंडचं गाणं, हे विचारावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

अर्थात गाणी गोळा करण्याचा तो जमाना काही सगळाच निर्मळ नव्हता. नोव्हा स्कोशियातल्या हेलन क्रेटन यांचंच घ्या. 1928 मध्ये सुरुवात केली, आणि सूर ओळखता यावा म्हणून ढकलगाडीवर छोटं मेलोडियन घालून त्या हॅलिफॅक्सच्या बंदराच्या तोंडाशी असलेल्या डेव्हिल्स आयलंडवर गाणी गोळा करत फिरल्या. पुढं त्यांनी हजारो गाणी वाचवली. पण इयन मके या इतिहासकारानं 1994 मध्ये त्यांच्या कामावर सडकून टीका केली. कोळी आणि शेतकरी साधेभोळे, जुन्या काळात रमलेले दाखवायचे, आणि खाणकामगारांचे संप, कारखाने नजरेआड करायचे, असा त्याचा आक्षेप. मला तो पुष्कळसा पटतो. जुनं म्हणून जे आपल्या हाती येतं ते आधी कुणाच्या तरी आवडीनिवडीतून गाळलेलं असतं. फौकबाईंनी मात्र जो ग्लेझरबरोबर कामगारांच्या गाण्यांचं एक अख्खं पुस्तक काढलं, म्हणून माझा कल त्यांच्याकडे. लाकूडतोड्यांच्या छावणीतली गाणी पुरुषांचीच, हे दुखणं त्यांच्याकडेही आहेच.

आता ग्रंथालयातले ते खण गेले. एलपी वार्षिक विक्रीत चिल्लर भावानं गेल्या, तिथं थ्रीडी प्रिंटर बसला. मी रडणार नाही. अ‍ॅबट आता फोनवर ऐकता येतात, आणि ज्या पुस्तिकांसाठी मी वहीत उतारे लिहीत बसायचो, त्या अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. सोय म्हणाल तर तेव्हापेक्षा शंभर पटींनी जास्त.

फरक पडला तो ऐकण्यात. म्हाताऱ्याचा तो कोरडा, मध्येच श्वास लागणारा आवाज पहिल्या मिनिटात आवडण्यातला नव्हे. बाविसाव्या वर्षी माझ्या हातात ‘पुढचं’ म्हणणारं बटण असतं तर मी ते नक्की दाबलं असतं. पण ग्रंथालयाच्या मशीनवर सुई उचलायची तर काउंटरवरच्या बाईची नजर चुकवावी लागे, म्हणून एक बाजू म्हणजे वीसेक मिनिटं निमूट ऐकायची. तिसऱ्या गाण्यापर्यंत कान बसायचा. परवा नातवाला ऐकवलं. त्यानं दहा सेकंदांत कॅनडाचाच गायक स्टॅन रॉजर्स लावला. तोही चांगलाच, पण पहिल्याच ओळीत पकडणारा.

एक व्यवहार मात्र त्या काळातला अजून चालू आहे. फोकवेज काढणारे मोझेस अ‍ॅश 1986 मध्ये गेले. 1987 मध्ये स्मिथसोनियननं कंपनी घेतली ती एका अटीवर: दोन हजारांवर रेकॉर्डींपैकी एकही, खपो न खपो, बंद करायची नाही. त्यामुळे अ‍ॅबट आजोबा अजून यादीत आहेत. त्याच यादीत 1958 ची उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजांची रेकॉर्डही आहे, आणि खपाच्या बाबतीत बेडूक पुढं असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही.