पाळी सुटल्यावर

मध्यरात्रीच्या सुमारास कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दुसरी पाळी सुटते. फाउंड्रीतली पोरं चहाच्या गाड्यापाशी रेंगाळतात. खोलीवर जायची घाई नसते. चौघांच्या खोलीत दिवा लावला तर झोपलेला उठतो. बसायला, बोलायला, पेपर चाळायला दुसरी जागाच नाही.

कोल्हापूरला वाचनालय नवं नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. पण वेळा राहिल्या सकाळ-संध्याकाळच्याच. भट्टीपुढच्या माणसाची संध्याकाळ कारखान्यात जाते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालतात खऱ्या, पण तिथं बोलायची सोय नाही, आणि या पोरांना तर आधी बोलायचंच असतं.

महामार्गालगत एक खोली पहाटेपर्यंत उघडी हवी. वर्तमानपत्रं, आयटीआयची पुस्तकं, कादंबऱ्या. परप्रांतातून आलेल्यांसाठी हिंदी, ओडिया मासिकं. पीएफचा फॉर्म समजावून सांगणारं कुणी तिथं बसलं, तर तेही मी ग्रंथालयाचंच काम मानेन. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्रीपासून सुरुवात करता येईल.