एवढ्याशा हृदयासमोर

लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांचं खरं काम कुठे चालतं असं कुणी विचारलं, तर मी ऑपरेशन थिएटरचं नाव घेणार नाही, कॅथलॅबचंही नाही. आठवड्यातून एकदा, ओपीडी सुरू व्हायच्या आधी, आम्ही एका खोलीत दिवे मालवून बसतो. सर्जन, आम्ही कार्डिओलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातले डॉक्टर, परफ्युजनिस्ट, सिस्टर. समोर एखाद्या बाळाचा टू-डी इको चाललेला असतो. त्या बाळाचं काय करायचं ते तिथे ठरतं, आणि ते कुणी एकट्यानं ठरवायचं नसतं.

समजा, बाळ सात आठवड्यांचं आहे. ओठ निळे, नखं निळी. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली. या धमन्या आपापल्या जागी बसवण्याचं स्विच ऑपरेशन ब्राझीलमध्ये आदिब जातेने यांनी १९७५ साली यशस्वी केलं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते झालं तर मूल पुढे शाळेत धावतं-खेळतं. पण आपल्याकडे ही बाळं उशिरा पोचतात. रडताना सगळीच बाळं काळीनिळी पडतात, असं कुणीतरी आईला सांगितलेलं असतं. मग तालुका, मग जिल्हा, मग आम्ही. तोवर डावा कप्पा, ज्याच्यावर आता फक्त फुप्फुसांकडे रक्त ढकलायचं काम आहे, हलक्या कामाला सरावून पातळ झालेला असतो. ऑपरेशननंतर साऱ्या शरीराचा भार एकदम त्याच्यावर येणार. पेलेल का त्याला?

याचं उत्तर कुठल्याही एका आकड्यात मिळत नाही. मी दाखवत जाते: दोन कप्प्यांमधला पडदा कोणत्या बाजूला झुकलाय, डावा कप्पा अजून गोल आहे की दबून केळ्यासारखा झालाय, भिंत किती जाड आहे, दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी जन्माआधीची नळी, डक्टस, उघडी आहे का. सर्जन मध्येच थांबवतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी कुठून निघाल्यात? पुन्हा दाखवा. अजून एकदा. त्या दोन बारीक नळ्या नव्या मुळावर न पिळता बसल्या, तरच हे ऑपरेशन तरतं. भूलतज्ज्ञ वजन आणि जंतुसंसर्गाचं विचारतात. एकाचं म्हणणं, थेट स्विच करू, कप्पा थकलाच तर काही दिवस एक्मोचा, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राचा, आधार देऊ. दुसऱ्याचं म्हणणं, आधी फुप्फुस धमनीला बँड बांधून कप्पा तयार करून घेऊ. तिसरा एक्मोचा खर्च आई-वडिलांना कसा झेपणार ते विचारतो, आणि तो प्रश्नही तितकाच वैद्यकीय आहे असं मी मानते. आवाज चढतात. हा वाद मला मनापासून प्रिय आहे. त्यात जो तो आपल्याला दिसलेलं बाळ दुसऱ्यांना दाखवायला धडपडत असतो.

दाखवण्याचीही एक शिस्त आहे. भोक आहे, एवढं सांगून भागत नाही. अशुद्ध रक्त कुठून येतं, वरचे कप्पे कोणत्या बाजूला, खालचे कसे जोडलेले, धमन्या कुठून निघतात, हे क्रमानं सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्यालाही ते हृदय बांधता येतं. बॉस्टनचे व्हॅन प्राघ पती-पत्नी आणि लंडनचे रॉबर्ट अँडरसन यांचे शब्दांवरून मतभेद होते, पण क्रमानं पाहायची सवय आम्हाला दोन्हीकडून मिळाली. त्याच्याही आधी माँट्रियलच्या मॉड अ‍ॅबट यांनी जन्मजात दोषांच्या १,००० हृदयांचा अभ्यास करून १९३६ मध्ये त्याचा अ‍ॅटलास काढला. न वाचलेल्या रुग्णांची हृदयं होती ती. आज वाचणाऱ्या प्रत्येक मुलावर त्यांचं ऋण आहे.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. ऑपरेशन चालू असताना सर्जनचा निरोप येतो, येऊन बघून जा. बाळाच्या मुठीएवढं ते हृदय उघडलेलं असतं. इकोत पाहिलेला पडदा, ती झडप, तो कॉरोनरीचा उगम, सारं डोळ्यांपुढे. तिथून परत येऊन तेच जुने इको पुन्हा लावायचे. हातातला प्रोब किंचित तिरका करायचा असतो तो कधी आणि का, हे पुस्तकापेक्षा या येण्याजाण्यातून हातात उतरतं.

हे येणंजाणं, एकमेकांचं ऐकणं थांबलं की काय होतं, ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलनं जगाला दाखवलं. तिथे मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेत मृत्यू जास्त होत आहेत, हे स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ १९९० पासून सांगत होते. ऐकलं गेलं नाही. २००१ च्या चौकशी अहवालानं म्हटलं, की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. त्याच देशात, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटला, मार्क द लव्हाल यांनी आपल्या स्विच ऑपरेशनांमधले मृत्यू सलग वाढलेले पाहिले, स्वतःची १०४ ऑपरेशनं तपासली आणि १९९४ मध्ये ती एका निबंधात सगळ्यांसमोर मांडली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हा निबंध आधी वाचायला देते, शस्त्रक्रियेचं तंत्र नंतर.

बोल्सिन त्या खोलीत होते, तरी त्यांचं ऐकलं गेलं नाही. काहींना तर खोलीतच जागा नसते. २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरमध्ये निळ्या बाळावर फुप्फुसांकडे जास्त रक्त वळवणारं पहिलं शंट ऑपरेशन झालं. कल्पना हेलन टाउसिग यांची, हात आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे. आणि ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस, ज्यांनी हे ऑपरेशन आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवलं होतं. ते कृष्णवर्णीय होते, वैद्यकीय पदवी नव्हती. शंटला कित्येक दशकं दोघांचीच नावं होती.

आमच्याकडचे थॉमस कोण, हा प्रश्न मला सोडत नाही. रात्री तीनला बाळाचे पाय गार लागतायत म्हणून मॉनिटर बोलायच्या आधी डॉक्टरांना उठवणारी सिस्टर. आणि त्याच्याही आधी, अंगणवाडीत चाळीस मुलांच्या कलकलाटात स्टेथोस्कोप टेकवून मर्मर ऐकणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. आज कितीतरी मुलं आमच्यापर्यंत पोचतात ती या लोकांच्या कानांमुळे. पण त्यांनी चिठ्ठी दिलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे बहुतेकदा त्यांना कळतच नाही. आपण ऐकलं ते बरोबर होतं का, हे ज्याला कधी कुणी सांगत नाही, त्याचा कान पुढे कसा तयार होणार?

म्हणून आमच्या बैठकीच्या तक्त्यात मी एक रकाना आग्रहानं घालून घेतला आहे: बाळाला पहिल्यांदा कुणी पाहिलं, आणि त्यांचा फोन नंबर. ऑपरेशन झालं की आमच्यातली सगळ्यात तरुण डॉक्टर त्या नंबरवर फोन करते. काय निघालं, काय केलं, बाळ कसं आहे, सगळं सांगते. बाळ गेलं असेल तर तेही सांगते. तो फोन मात्र मी स्वतः तिच्याशेजारी बसून करवून घेते.