वाकणं आणि वाकवणं

आमच्या मंडळीत नम्रतेवर वर्षातून चार-दोन उपदेश तरी होतातच. पाळकसाहेब नवे असले की ज्वारीच्या कणसाचा दाखला हमखास. कणीस भरलं की खाली वाकतं, तसं माणसानं व्हावं. शेतकऱ्यापुढं हा दाखला जरा जपून द्यावा. खोडकिडीनं पोखरलेलं ताटही वाकतंच की. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, हात लावल्यावर कळतं.

मला हे सुचतं ते माझ्या आज्यामुळं. आजा महारवाड्यात वाढला. वाटेत मोठा माणूस दिसला की कडेला व्हायचं अन् कमरेत वाकून जोहार घालायचा, ही त्याची लहानपणची शाळा. ती नम्रता नव्हती, सक्ती होती. बाप्तिस्मा घेतल्यावर तो ताठ उभा राहून ‘सलाम’ म्हणायला लागला, तर गावाला ते खुपलं. बाटला अन् माजला, म्हणाले. अशा माणसाला ‘मीपणा सोड’ म्हणून कसं सांगायचं? त्याचा ‘मी’ तर नुकता कुठं त्याच्या हाताला लागला होता.

रेव्हरंड टिळकांचं उलटं. नारायण वामन टिळक चित्पावन ब्राह्मण. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढं आमच्या नगर जिल्ह्यात राहिले. त्यांना खाली उतरायचं होतं, आज्याला वर उठायचं होतं. शब्द मात्र दोघांना एकच, नम्रता. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनंतरचा, १९०० सालचा. सोवळं-ओवळं एका दिवसात सुटलं नाही, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी लपवलेलं नाही. म्हणून ते पुस्तक मला जवळचं वाटतं. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला. पण सोडायला हातात काही होतं, तेव्हा सोडलं.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आहे. योहान आधी सांगतो की सगळं आपल्या हाती दिलेलं आहे, आपण देवाकडून आलो अन् देवाकडंच जाणार, हे येशूला ठाऊक होतं. मग तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो. आधी ठाऊक होतं, मग खाली बसला. उपदेशात हा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा गळतो.

माझ्या वडिलांना, आबांना, तो कळला असावा. त्यांचा एक चुलतभाऊ दरसाल नांगरटीला एखादं तास आमच्या बांधात घालायचा. सरकत सरकत बांध दोन हात आत आला. मी तेव्हा विशीतला, रक्त उसळायचं. मंडळीतले जाणते म्हणाले, “ख्रिस्ती माणूस तुम्ही, द्या सोडून.” आबा म्हणाले, “आधी मोजू.” शेळी विकून मोजणीचे पैसे भरले. मोजणीवाला आला, साखळी टाकली, दगड रोवला. दगड पडला तो त्या भावाच्या उभ्या बाजरीत. तो खाली बघत उभा. आबा त्याला म्हणाले, “हे माझं हाये. बघितलंस ना? आता तूच पेर.”

आई चार दिवस आबांशी बोलली नाही. “सोडणारे मोठे झाले, बाजरी माझ्या कणगीतली गेली,” म्हणायची. तिची बाजू मला आजही खोटी वाटत नाही. घरचा कर्ता मीपणा सोडतो, तेव्हा घरच्यांच्या ताटातलंही थोडं सुटतं, अन् त्यांना कुणी विचारलेलं नसतं. हे कुठल्या उपदेशात मी ऐकलं नाही.

त्या भावाला लाज वाटली, तो पाया पडला, असं काही झालं नाही. पुढच्या साली त्यानं निवांत पेरणी केली. पाळकसाहेबांनी आबांना दोनदा आग्रह केला, उपासनेत साक्ष द्या म्हणून. आबा नाही म्हणाले. “सांगितलं की ते पुन्हा माझंच व्हईल,” एवढंच बोलले.

ते दोन हात अजून त्या घराकडंच आहेत. दगड त्यांच्या पिकात उभा आहे. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. त्यांची पोरं नांगरट करताना दगडापाशी वेग कमी करतात अन् वळसा घालून पुढं जातात.