अखाजीचा मुराळी



अखाजी जवळ आली की आपल्या खानदेशात दोन हिशेब होतात. एक सालदाराचा. अखाजीला त्याचे साल भरते, देणे-घेणे चुकते होते आणि नवे साल ठरते. दुसरा हिशेब लेकीबाळींचा. सासरी गेलेली लेक अखाजीला माहेरी यायची, निंबाच्या झोक्यावर बसायची, गौराईची गाणी म्हणायची. पहिला हिशेब आपण चोख ठेवतो. दुसऱ्यात मात्र अलीकडे बरीच बाकी राहू लागली आहे. त्याबद्दलच आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

लेकीला आणायला जातो तो मुराळी. माझे वडील दर अखाजीला त्यांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या फुईला, आणायला जात. आमचे गाव धुळे तालुक्यात, फुईचे यावल तालुक्यात. धुळ्याहून जळगाव, तेथून भुसावळ, मग तापी ओलांडून पुढे, अशा तीन एस.टी. बदलाव्या लागत. वडिलांनी कधी कुरकुर केली नाही.

2023 च्या दिवाळीनंतर वडील वारले. पुढची अखाजी 10 मे 2024 ला होती. त्या दिवशी त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची होती. फुईला फोन केला, तर ती म्हणाली, "भाऊच गेला, आता मला माहेर कसलं? तुम्ही पोरं सुखी राहा." आणि फोन ठेवून दिला.

आमची मंडळी म्हणाली, "अहो, लेक का फोनवर येत असते? मुराळी जायला हवा." मुलांना सुटीच होती. 8 मे रोजी आम्ही दोघे, मुलगा आणि मुलगी असे चौघे जुन्या जीपमधून निघालो. बरोबर आंब्याची पेटी, सांजोऱ्यांचा डबा, घरच्या तुपाची बरणी आणि फुईसाठी घेतलेले लुगडे.

धुळे-जळगाव हा महामार्ग पूर्वी 6 क्रमांकाचा होता, आता तो 53 क्रमांकाचा झाला आहे. अंतर सुमारे 90 किलोमीटर. दुपारच्या जेवणाला फुईकडे पोहोचू असा बेत होता. पण पारोळा मागे पडले आणि जीपच्या पंख्याचा पट्टा तुटला. इंजिन तापून वाफ निघू लागली. मुलगा झाकण उघडायला धावला, त्याला मी तिथेच थांबवले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उडते. तुमच्या ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे.

ऊन मी म्हणत होते. रस्त्याकडेच्या शेतातून एक गृहस्थ आले. "कोन गावना शेतस तुम्ही?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गाव सांगितले, आडनाव सांगितले, आणि 5 मिनिटांत नाते निघाले! त्यांची चुलत बहीण आमच्याच गावात दिलेली. मग काय, निंबाखाली खाट पडली, माठातले पाणी आले, कळण्याची भाकरी आणि ठेचा आला. ऊन उतरल्यावर त्यांनी जीपला दोर बांधून ट्रॅक्टरने एरंडोलपर्यंत ओढत नेले. त्या ओढाताणीत तुपाची बरणी लवंडली आणि आधीच पातळ झालेले सगळे तूप फुईच्या नव्या लुगड्यावर सांडले. मंडळींच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीने मात्र हसून घेतले.

पट्टा बसवून निघेपर्यंत दिवस मावळला. गिरणा, मग तापी ओलांडून फुईच्या दारात पोहोचलो तेव्हा रात्रीचे 10 वाजले होते. सकाळी मुलाने परस्पर फोन करून आम्ही येत असल्याचे कळवले होते. फुई ओट्यावर बसून होती. शेजारी गाठोडे बांधलेले. सून म्हणाली, "दुपारपासून इथंच आहेत, जेवल्या नाहीत." मंडळींनी ओशाळून ते तुपकट लुगडे पुढे केले. फुईने ते नाकाशी धरले. "माझ्या माहेरचं तूप आहे," एवढेच बोलली आणि मग खूप रडली. भाऊ गेल्यावर ती आमच्यासमोर अशी मोकळेपणी रडली ती तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे 5 ला परत निघालो. यावल-रावेरकडच्या केळीबागांभोवती शेवरीची ताटी तुम्ही पाहिली असेल. उन्हाळ्यातल्या उष्ण वाऱ्यापासून केळीला तिचा आडोसा मिळतो. म्हाताऱ्या माणसालाही प्रवासात असाच आडोसा लागतो. खिडकीला ओला पंचा बांधला होता, तरी जळगाव ओलांडताना फुईला गरगरू लागले. सावलीत गाडी थांबवली, ओल्या फडक्याने अंग पुसले, साखर-मिठाचे पाणी घोट-घोट पाजले. प्रमाण ध्यानात ठेवा: 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तासाभरात तिला हुशारी आली. पण माणूस बरळू लागले, अंग तापून कोरडे पडले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका. अंग गार करत तडक दवाखाना गाठा.

अखाजीला फुईने तेच लुगडे नेसून भावाची घागर भरली.

बहिणाबाई चौधरींचे माहेर असोदे आणि सासर जळगाव. दोन्ही गावे अगदी जवळजवळ. तरीही त्या माउलीने माहेरच्या वाटेवर गाणे रचले. माहेर लांब की जवळ, हे किलोमीटरवर ठरत नाही. कोणी न्यायला येते की नाही, यावर ठरते. आज दारात गाडी आहे, खिशात फोन आहे. पण आई-वडील आणि भाऊ गेले की आत्या-बहिणींना बोलवायचे कोणी, हे घरात कोणीच ठरवत नाही. त्या मानी असतात, आपणहून येत नाहीत.

तेव्हा यंदा सालदाराचा हिशेब कराल त्याच दिवशी घरच्या लेकींचीही आठवण करा. ज्यांचा मुराळी आता राहिला नाही, त्यांच्याकडे घरातला एखादा भाचा किंवा नातू पाठवा. मुलांना बरोबर न्या, म्हणजे त्यांना वाट ठाऊक होईल. ऊन चढण्याआधी निघा, पाण्याचा कॅन भरून घ्या, जादा पट्टा आणि दोर जवळ ठेवा. आणि तुपाची बरणी मात्र मांडीवर धरा!