काटा ऐंशीच्या पुढे

जुनी मर्सिडीज घेऊन येणाऱ्या माणसाची पहिली तक्रार इंजिनाची नसते, गिअरचीही नसते. ‘काटा वर जातो’ ही असते. वर म्हणजे कुठे, असं विचारलं की उत्तर येतं, “नव्वद. सिग्नलला थांबलो की पंचाण्णव.” मी म्हणतो, “मग बरोबर आहे की, साहेब.” हे बहुतेकांना पटत नाही. मिस्त्रीला काम करायचं नाही, असा भाव चेहऱ्यावर येतो.

दोष त्यांचा नाही. आजच्या बहुतेक गाड्यांतला काटा माणसाळवलेला असतो. इंजिन सत्तरवर असो की शंभरवर, तो आपला मध्यावर बसून राहतो, मालकाला धीर देतो. जुन्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ या मॉडेलमधला काटा असा नाही. त्याच्या तबकडीवर ४०, ८० आणि १२० एवढेच आकडे, आणि जे आहे ते तो सांगतो. लक्ष्मी रस्त्यावर मे महिन्यात एसी लावून उभे राहिलात तर तो नव्वदीत जाणारच. मला तर हा खरं बोलणारा काटा आवडतो.

या गाडीचा आणि आमच्या पुण्याचा संबंध जुना. १९९५ मध्ये भारतात जुळणी झालेली पहिली मर्सिडीज हीच, पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात तयार झालेली. तिकडे युरोपात तिच्या जागी पुढचं मॉडेल येत होतं, तेव्हा इकडे ती आली. ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल. यातली पाच सिलिंडरची डिझेल गाडी माझ्या हाताखालून जास्त गेली. डॉक्टर, बिल्डर, साखर कारखान्यांचे चेअरमन अशा हातांतून फिरत फिरत त्या आता हौशी पोरांकडे आल्या आहेत. आणि प्रत्येक हाताने कूलिंगमध्ये काहीतरी ‘सुधारणा’ करून ठेवलेली असते.

सगळ्यात लाडकी सुधारणा म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. “आपल्याकडे एवढं ऊन, त्याची गरजच काय?” इंजिन थंड ठेवायचं असतं, हा समजच मुळात चुकीचा. इंजिन हवं तेवढं गरम ठेवायचं असतं. थंड डिझेल इंजिन धूर जास्त ओकतं, तेल जास्त पितं आणि लवकर झिजतं. पण गंमत पुढेच आहे. या गाडीच्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. इंजिन गार असताना मोठी तबकडी रेडिएटरची वाट अडवते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनात आडवाटेने फिरत राहतं. ८५ अंशांच्या आसपास ती उघडायला लागते, तशी दुसरी तबकडी सरकत जाऊन त्या आडवाटेचं तोंड बंद करते. म्हणजे गरम पाण्याला रेडिएटरमधून गेल्यावाचून गत्यंतर उरत नाही. थर्मोस्टॅटच काढला की आडवाट सताड उघडी. निम्मंशिम्मं पाणी रेडिएटरचं तोंड न पाहताच परत फिरतं. सपाटीवर गाडी गारठलेली आणि खंबाटकी चढायला लागली की तापलेली, असं हे दुखणं तयार होतं. मग मालक मोठा रेडिएटर शोधत नाना पेठेत फिरतो. लागतो तो नवा थर्मोस्टॅट आणि त्याची रबरी रिंग.

माझं स्वतःचं आवडतं काम रेडिएटर बाहेर काढण्याचं. पंख्याचं प्लॅस्टिकचं कवच सोडवायचं, दोन्ही होज काढायचे, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलच्या नळ्या सोडून त्यांची तोंडं बंद करायची, वरच्या दोन क्लिपा उपसायच्या, की रेडिएटर सरळ वर उचलून हातात येतो. आता त्याच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधल्या फटीत बघा. समोरून चकाचक दिसणाऱ्या गाडीतही इथे धुळीचा, काजळीचा, किड्यांच्या पंखांचा सलग थर असतो. कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर त्यात ट्रॉलीतून उडालेलं उसाचं पाचटही सापडतं. नखाने उचकटलं तर आख्खा तुकडा निघतो. वॉशिंग सेंटरवाल्याने समोरून प्रेशर मारून मारून तो आणखी आत ठासलेला असतो, वर ॲल्युमिनियमचे नाजूक पंख मुडपून ठेवलेले. हे धुवायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या पाण्याने, घाई न करता. कित्येक गाड्यांचं गरम होणं एवढ्यानेच थांबतं. मात्र बिलात ‘रेडिएटर धुतला’ लिहिलेलं पाहून मालकाचा चेहरा पडतो. त्याला एखादा पार्ट बदललेला हवा असतो.

रेडिएटर हातात आलाच आहे तर वरच्या होजच्या तोंडाला अंगठ्याने हलका दाब द्यावा. या रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. वर्षानुवर्षं तापून ते तोंड बिस्किटासारखं भुरभुरीत होतं आणि एक दिवस, बहुधा घाटात, होजसकट तुटून येतं. पितळी रेडिएटरला डाग देता यायचा; याला डाग देता येत नाही. एरलडाइट लावून आलेले मी पाहिलेत. त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

पंख्याचंही तसंच. बेल्टवर फिरणाऱ्या पंख्याच्या मधोमध व्हिस्कस क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की त्याच्या तोंडावरची द्विधातूची पट्टी वाकते, आतली झडप उघडते, सिलिकॉन तेल पसरतं आणि पंखा जोर धरतो. तेल झिरपून गेलं की पंखा नुसता फिरल्यासारखा करतो. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा मोकळा गरगरत राहिला तर क्लच गेला, असं समजा. हौशी पोरं मात्र हा पंखा काढून दोन इलेक्ट्रिक पंखे बसवा म्हणतात. मी नाही म्हणतो. मुळात एवढी हवा ओढणारा पंखा सोडून तो भार अल्टरनेटरवर कशाला टाकायचा?

सुधारणेला माझा विरोध नाही. समोरचा सहायक पंखा मुळात काटा शंभरच्या पुढे गेल्यावरच पूर्ण वेगाने सुटतो. आपल्या ट्रॅफिकसाठी तो थोडा आधी सुटेल असा स्विच, वेगळा रिले आणि फ्यूज टाकून, मी आनंदाने बसवतो. नवा रेडिएटर घेताना तोंडात धातूची नळी असलेला घ्या, असंही सांगतो. कूलंटच्या टाकीवर १.४ बारचंच झाकण हवं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. ढिल्या झाकणाने ही सगळी सवलत जाते.

आणि पाणी. बोअरचं पाणी घालून घालून आत क्षार धरतात. ढोकळ्यात घालतात तेच सायट्रिक ॲसिड ते काढायला उत्तम. नंतर मात्र साध्या पाण्याने अनेकदा धुवावं लागतं. मग बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्मं. पुण्यात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद मी रोज ऐकतो. कूलंट ॲल्युमिनियमच्या हेडला गंज धरू नये म्हणून असतं. निम्म्याहून जास्त घालूनही फायदा नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस.

घाटात काटा ११० च्या पुढे सरकला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि जागा मिळताच थांबा. टाकीच्या झाकणाला तासभर तरी हात लावू नका. आणि एवढं करायची वेळच येऊ नये असं वाटत असेल, तर रेडिएटर केव्हा बसवला होता ते जुन्या बिलात शोधा. दहा-बारा वर्षं झाली असतील किंवा बिलच नसेल, तर गळायची वाट न बघता बदलून टाका. वाकलेलं हेड उतरवून फेस मारण्याच्या खर्चापुढे नवा रेडिएटर स्वस्तच पडतो.