घाबरायचं कोणी?

भयकथा वाचून दाखवणाऱ्याने स्वतः घाबरू नये, असं माझं ठाम मत आहे. घाबरणं हे ऐकणाऱ्याचं काम. वाचणाऱ्याचा आवाज दुसऱ्याच मिनिटाला थरथरायला लागला, मागे कुत्री रडायला लागली, दार करकरायला लागलं, की मी ते ऑडिओबुक बंद करते. गोष्टीत अजून कोणी दार उघडलेलंही नसतं! नायक बिचारा एसटीतून उतरून भाड्याची खोली शोधत असतो आणि वाचणारे मात्र केव्हाच स्मशानात जाऊन बसलेले असतात.

गेली पाच-सहा वर्षं मी पुस्तकं ऐकते आहे. दिवसभर स्क्रीनवर कोड बघून झाल्यावर रात्री पुन्हा अक्षरं नको वाटतात, पण गोष्ट हवी असते. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कामासाठी अहमदाबादला जावं लागलं तर एक्स्प्रेस-वेच्या ९३ किलोमीटरमध्ये कान मोकळेच असतात. ऐकते ते बहुतेक भुतांचं, नाहीतर जादूच्या राज्यांचं. सुरुवात इंग्रजीने झाली, कारण तेच हाताशी होतं. २०१७च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल भारतात आलं ते इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा घेऊन. पहिल्याच पंगतीत मराठीला पान मांडलेलं बघून मला फार बरं वाटलं होतं. मराठी मी घरी बोलत आले, पण शाळा इंग्रजी माध्यमाची, आजूबाजूला गुजराती. मराठी वाचता येतं, पण दुकानाची पाटी वाचावी तसं, अडत अडत. तीनशे पानांची कादंबरी त्या वेगाने वाचायची म्हणजे भुताचाच धीर सुटायचा. आपल्या मंडळातल्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणांची हीच गत आहे, हे मला माहीत आहे.

त्यामुळे नारायण धारप माझ्याकडे आले ते कानावाटे. आणि माझ्या सासूबाईंकडे ते पुन्हा आले तेही कानावाटेच.

आई मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा सोबत वाचनाचं वेड घेऊन आल्या. धारपांची मिळतील तेवढी पुस्तकं त्यांनी वाचनालयातून आणून वाचली, दुपारी सगळे झोपले की. 'रात्री वाचायची नाहीत, हा नियम होता,' असं त्या सांगतात, 'आणि तो मी कधी पाळला नाही.' काही वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर इतकी गेली, की मोठ्या टाइपातलंही वाचता येईना. त्या काही बोलल्या नाहीत. पण वर्तमानपत्र आलं की ते हातात घेऊन, घडी सारखी करून टीपॉयवर ठेवायच्या, तेवढंच.

मी त्यांना एक छोटा स्पीकर आणून दिला आणि धारपांची एक कथा लावून दिली. पंधरा मिनिटांनी हाक आली, 'अगं, हे बंद कर. हा माणूस माझ्याआधीच घाबरतोय.'

माझं मत मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळालं तो तो दिवस. तोवर लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आमचं बोलणं म्हणजे गॅसचा नंबर लावला का, पाहुण्यांना पुरणपोळी की श्रीखंड, एवढंच. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली आहे. त्यांनी 'लुचाई' वाचलेली आणि मी 'सालेम्स लॉट' ऐकलेली. कोणतं जास्त भयंकर, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, अमेरिकेतलं भूत अमेरिकेत राहतं. धारपांचं भूत शेजारच्या वाड्यात.

यात खरंच तथ्य आहे. धारपांची माणसं नोकरी करतात, घरभाडं देतात, संध्याकाळी पोळी-भाजी खातात. सगळं इतकं नेहमीचं, की काहीतरी चुकतंय हे वाचणाऱ्याला आधी कळतं आणि त्या माणसाला मागाहून. रत्नाकर मतकरींचं वेगळं. त्यांच्या गूढकथेत भूत असेलच असं नाही. भीती माणसाच्या मनातून निघते आणि तिथेच परत जाऊन बसते. पण दोघांनाही वाचणारा लागतो तो सावकाश, सपाट, जरा कोरडाच. घरातल्या काकांनी काल काय झालं ते सांगावं तसा. मतकरी वाचताना आवाज चढवला की कथा तिथेच संपली.

आपल्याकडे सपाट वाचणारे कमी का, याचंही माझ्याकडे उत्तर आहे. आपले कान पु. लं.च्या कॅसेटवर तयार झाले. 'बटाट्याची चाळ', 'असा मी असामी' आमच्या घरी इतक्यांदा वाजलं आहे, की कुठे हशा येतो ते पाठ आहे. त्यामुळे वाचून दाखवणं म्हणजे प्रत्येक माणसाचा आवाज काढणं, असं आपण धरून चालतो. विनोदाला ते हवंच. भीतीला नको. म्हाताऱ्याचा खोकला, बाईचा किनरा आवाज, भुताचा घोगरा आवाज असं सगळं सुरू झालं, की मला आपल्या गणेशोत्सवातलं नाटक आठवतं आणि हसूच येतं.

आईंना मात्र सर्वांत जास्त चीड येते ती उच्चारांची. आणि इथे माझीही परीक्षा असते. मराठीत 'च' दोन. 'चार'मधला वेगळा, 'चमचा'मधला वेगळा. गुजरातीत राहून आम्हा बडोदेकरांचा दुसरा 'च' पहिल्यात कधी मिसळून जातो ते कळत नाही. मी 'चमचा' म्हटलं की आई फक्त बघतात. एकदा एका कथेत 'चकवा' आला. रानात वाट चुकवून माणसाला रात्रभर एकाच जागी गोल गोल फिरवतो तो चकवा. वाचणाऱ्याने त्याचा 'च' अस्सल मराठी उच्चारला, दाताला जीभ लावून. मी तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, त्यामुळे माझ्या तोंडी तो तसाच बसला. लेकीच्याही. चकवा, मुंजा, हडळ, समंध, खवीस या सगळ्यांतला फरक आता दहा वर्षांच्या मुलीला तिच्या आजीपेक्षा झरझर सांगता येतो. मुंजा पिंपळावर का, हे तिने मला समजावून सांगितलं. तिच्या शाळेत मराठी नाही. तिच्या मराठीतले निम्मे नवे शब्द भुतांनी दिलेले आहेत, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तिचं स्वतःचं आवडतं म्हणजे हॅरी पॉटर, आणि तिथे माझा नियम उलटा होतो. जादूच्या कादंबरीत माणसं शेकड्यांनी असतात, नावं अनोळखी असतात, देश कुठेच नसतो. तिथे आवाज वेगळे काढले नाहीत तर कोण बोलतंय तेच कळत नाही. पॉटर इंग्लंडच्या आवृत्तीत स्टीफन फ्राय वाचतो आणि अमेरिकेच्या आवृत्तीत जिम डेल. डेलने पाचव्या भागात १३४ आवाज काढले म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. मला तरी फ्राय आवडतो. तो आधी गोष्ट सांगतो आणि मग माणसं. हिंदी पॉटर हरीश भिमाणींच्या आवाजात आहे, म्हणजे दूरदर्शनच्या 'महाभारता'त जो आवाज काळ होऊन बोलायचा तो. तो लावला की आमच्याकडे आई आणि लेक दोघीही गप्प बसतात, हे फार क्वचित घडतं.

'गेम ऑफ थ्रोन्स' वाचणाऱ्या रॉय डॉट्रिस यांच्या नावावर तर २२४ पात्रांची नोंद आहे. पुढचे भाग वाचले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. भागाभागांत वर्षांचं अंतर, मग काही पात्रांचे आवाज बदलले, नावांचे उच्चार बदलले आणि श्रोत्यांनी कुरकुर केली. मी त्यांच्या बाजूने आहे. २२४ माणसं म्हणजे आमच्याकडचं एक लग्न; तिथे मला अजून अर्ध्यांची नावं आठवत नाहीत.

बडोद्यात बसून वाचणाऱ्यांबद्दल लिहायचं आणि माणभट्टाचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. सतराव्या शतकातला कवी प्रेमानंद या शहराचा. तांब्याची मोठी घागर, तिला इथे 'माण' म्हणतात, पुढ्यात घ्यायची आणि बोटांतल्या अंगठ्यांनी तिच्यावर ठेका धरून आख्यान गायचं. त्याचं 'ओखाहरण' आजही चैत्रात घराघरांत वाचलं जातं. हजार हातांचा बाणासुर, स्वप्नात दिसलेला राजपुत्र, त्याला झोपलेल्या पलंगासकट रातोरात आकाशातून उचलून आणणारी सखी. याला कल्पनारम्य कादंबरी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? बडोद्याच्याच धार्मिकलाल पंड्यांनी ही माणभट्टाची कला आपल्या काळापर्यंत आणून पोचवली. एक माणूस, एक घागर. मागे कुत्री नाहीत, करकरणारं दार नाही. ठेका थांबला की सभा श्वास रोखते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. पुस्तकं यंत्राच्या आवाजात वाचून घ्यायची सोय मोठ्या कंपन्यांनी आणली आहे. ॲपलने २०२३मध्ये सुरुवात केली, ऑडिबलही त्या वाटेवर आहे. प्रकाशकांना हे का हवं आहे, ते मला चांगलं समजतं. माणूस वाचायला बसला की स्टुडिओ लागतो, दिवस लागतात, घसा बसतो, चुकलं की पुन्हा. शिवाय माणूस हे नाजूक प्रकरण. किंगच्या 'डार्क टॉवर' मालिकेतले दुसरा, तिसरा आणि चौथा भाग फ्रँक मुलर यांनी काय वाचले आहेत! २००१मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्यांना जबर मार बसला, पुन्हा वाचता आलं नाही, २००८मध्ये ते गेले. पुढचे भाग जॉर्ज गिडॉल यांनी वाचले. उत्तम वाचले, पण माझ्या कानातला नायकच बदलला. किंग यांनी पाचवा भाग मुलर यांना अर्पण केला आणि अशा नोकरी नसलेल्या, विमा नसलेल्या कलाकारांसाठी 'हेवन फाउंडेशन' काढलं. यंत्राला अपघात होत नाही.

आपल्या मराठीचं गणित तर आणखी अवघड. ऐकणारे थोडे, पुस्तकं खूप. जुन्या शेकडो कादंबऱ्या माणसाच्या आवाजात कधीच येणार नाहीत, हे उघड आहे. मग यंत्र तरी येऊ दे, असं माझ्यातली इंजिनिअर म्हणते. 'च'चा प्रश्न सुटेल. आज लिपीत एकच 'च' दिसतो म्हणून यंत्र गोंधळतं. 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' त्याला सारखेच. पण पुरेसे नमुने दिले की ते शिकेल. याबद्दल मला शंका नाही.

आणि माझ्याच नियमाने बघितलं तर यंत्र आदर्श वाचक ठरायला हवं. ते अजिबात घाबरत नाही!

म्हणून मी करून बघितलं. घरातल्या एका जुन्या पुस्तकातला परिच्छेद टाइप केला, मराठी आवाज निवडला आणि आईंना काही न सांगता ऐकवला. स्वच्छ आवाज, स्वल्पविरामाला थोडं, पूर्णविरामाला जास्त, सगळं जागच्या जागी. आईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, 'वाचतो बरा. पण याला पुढे काय आहे ते माहीत नाही.'

मी यावर बरेच दिवस विचार करते आहे. चांगला वाचणारा सपाट वाचतो तेव्हा तो काहीतरी दाबून धरून असतो. जिन्याच्या वर काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि तरी तो जिन्याच्या पायऱ्याच मोजत राहतो. ते दाबून धरलेलं आपल्याला ऐकू येतं. यंत्राचा सपाटपणा नुसताच सपाट. तेही उद्या शिकेल का? असेल. मी 'नाही' म्हणणार नाही, माझी नोकरीच त्यावर चालते. पण तोवर आईंचं काय, हा माझ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. त्यांच्या आवडत्या पुस्तकांपैकी जेवढी ऐकायला मिळतात तेवढी आमची संपत आली. उरलेली यंत्राकडून ऐकायची त्यांची तयारी नाही, आणि माझं वाचन हे असं अडखळतं.

तरी गेल्या महिन्यापासून मीच वाचते. रात्री जेवणं झाली की दहा पानं. पहिल्या दिवशी दहा पानांना पाऊण तास लागला, आता अर्धा लागतो. 'चमचा' आला की आई खाकरतात. लेक पांघरूण डोक्यापर्यंत घेऊन मध्ये बसते आणि पान उलटायच्या आत आजीला विचारते, 'आजी, सांग ना, वरच्या खोलीत कोण आहे?'

आईंनी ते पुस्तक चाळीस वर्षांपूर्वी वाचलेलं आहे. त्या म्हणतात, 'मला काय माहीत? तुझी आई वाचते आहे ना.'