सोनगीरच्या उन्हातली टिपणे

धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरच्या तांबटांकडे पत्रा ठोकून ठोकून ताठर झाला की पुन्हा भट्टीत जातो. लालसर दिसला की कारागीर चिमट्याने तो बाहेर ओढतो. हात लावायचा नाही, रंग पाहायचा. सूर्याचे तापमानही माणसाने त्याच्या प्रकाशावरूनच ओळखले. पृष्ठभागाशी सुमारे 5,500 अंश सेल्सिअस. तांबे 1,085 अंशांनाच वितळते.

पृष्ठभाग म्हणायचा तो सोयीपुरता. पाय टेकायला तिथे जमीन नाही, सगळा तप्त, विद्युतभारित वायू.

सूर्य जळत नाही. नुसता कोळसा असता तर काही हजार वर्षांत राख झाली असती. तो सुमारे 460 कोटी वर्षे तळपतो आहे. गाभ्यात दीड कोटी अंशांना हायड्रोजनची केंद्रके जुळून हेलियम होतो आणि दर सेकंदाला सुमारे 40 लाख टन वस्तुमानाची ऊर्जा बनते. मला सर्वांत नवल वाटते ते पुढच्या हिशोबाचे: त्या धगधगत्या गाभ्याच्या एका घनमीटरातून तीनशे वॅटसुद्धा निघत नाहीत. तेवढ्यावर घरातले चार पंखे फिरतील. सूर्याचे बळ त्याच्या अफाट आकारात आहे. व्यासच पृथ्वीच्या 109 पट.

ज्योतीत तांब्याचा अंश गेला की हिरवी झाक मारते. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग असे ठरलेले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला जान्सेन या फ्रेंच संशोधकाने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. त्या ज्वाळांतल्या एका पिवळ्या रेषेचा मेळ कोणत्याच ओळखीच्या द्रव्याशी बसेना. तो हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागला 1895 मध्ये.

सूर्याच्या वर्णपटात तांबेही दिसते, पण ते त्याने घडवलेले नाही. त्याच्याआधी जगून संपलेल्या ताऱ्यांचे ते देणे. म्हणजे सोनगीरचा हंडा ज्या धातूचा, तो सूर्याहून जुना.

आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला 2013 पासून 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. खानदेशी उन्हाला नुसती नावे ठेवू नयेत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या सुमारास, सूर्य सोनगीरच्या बरोबर डोक्यावर येतो. शिक्षकांनी त्या दिवशी मुलांना अंगणात सरळ काठी रोवायला सांगावी. सावली बुंध्यातच नाहीशी होते. वर मात्र उघड्या डोळ्यांनी कुणी पाहू नये.